‘तीनचे दहा दिवस केले, वर आकडाही कमी’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तीन दिवसांत रिपोर्ट देतो म्हणून दहा दिवस लावले आणि दुसऱ्या लॅबने मुरघासाला (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला) ६८ दिले तिथे आम्ही ५९ दिले, पैसे पाण्यात गेले, असं तुम्ही लिहिलंय. उशिराची चूक आमचीच. काउंटरवर तीन दिवस सांगायलाच नको होतं, चारा किती पचतो ही तपासणी तेवढ्यात होतच नाही.

१९६३ साली टिली आणि टेरी यांनी मांडलेली पद्धत आम्ही वापरतो. मुरघास वाळवून बारीक दळायचा, त्यातला अर्धा ग्रॅम बाटलीत घ्यायचा. त्यावर गायीच्या कोठीपोटातलं (चारा जिथे आधी मुरतो त्या मोठ्या पोटातलं) पाणी आणि लाळेसारखं क्षारांचं द्रावण. ते पाणी थंड पडलं किंवा त्याला हवा लागली की त्यातले चारा पचवणारे जिवाणू मरतात, म्हणून थर्मासमधून आणतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, ३९ अंशांवर ठेवतो. ४८ तास तिथे, पुढचे ४८ तास आम्ल आणि पेप्सिन या पाचक रसात. उरलेला चोथा वाळवून वजन. चार दिवस नुसते बाटलीतच जातात.

प्रत्येक बॅचमध्ये पचनीयता आधीच माहीत असलेलं गवतही लावतो. तुमच्या बॅचला त्याचाच आकडा खाली आला, म्हणजे पोटातलं पाणी कमजोर होतं. रिपोर्ट वेळेत देता आला असता, पण तो खोटा असता. सगळ्या बाटल्या ओतून दिल्या, पुन्हा लावल्या. तुम्हाला फोन मात्र केला नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता ६८. तुम्ही टाकलेल्या फोटोत त्या आकड्यापुढे टीडीएन, म्हणजे एकूण पचणारे पोषक घटक, असं लिहिलंय. ते सूत्राने काढतात. आमचा ५९ म्हणजे शंभर भाग कोरड्या चाऱ्यातले प्रत्यक्ष पचले किती. मापंच वेगळी आहेत, त्यांची तुलना होत नाही. तरीही मक्याच्या मुरघासाला ५९ मलाही कमीच वाटतो. नमुन्यात जून धाटं जास्त होती, दाणा कमी. बॅगेच्या तोंडाशीच मूठ भरली असेल, तर सगळ्या मुरघासाला नाव ठेवता येणार नाही.

पुन्हा तपासून देतो, पैसे घेणार नाही. बॅगेत वरून, मधून, खालून सात-आठ ठिकाणचा घ्या, कालवून त्यातला किलोभर पिशवीत दाबून भरा, हवा काढून बांधा, त्याच दिवशी पोचवा. रिपोर्टला आठ दिवस धरा. तोवर ५९ बघून पेंड वाढवू नका, खर्च उगाच चढेल.