मॅराडोनाला नशेडी म्हणणाऱ्या भावांनो

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळं लांबलचक लिहिणार आहे. ज्याला कंटाळा येईल त्यानं खुशाल पुढं सरकावं.

पेठेच्या ग्रुपवर पोरांच्या फुटबॉल स्पर्धेच्या बॅनरचं डिझाईन आलं. एका बाजूला मेस्सी, एका बाजूला मॅराडोना, दोघंही अर्जेंटिनाचे फुटबॉलपटू, वर शाहू महाराज. चांगलं होतं. तेवढ्यात एका शहाण्यानं मेसेज टाकला, "नशेडी माणसाचा फोटो कशाला? पोरांनी काय आदर्श घ्यायचा?" आणि खाली अंगठ्यांची रांग. हे अंगठेवाले कोण, तर २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिनानं वर्ल्ड कप जिंकला त्या रात्री गाड्यांच्या पुंगळ्या काढून कोल्हापूर डोक्यावर घेणारे. त्या रात्री हातातल्या झेंड्यावर मॅराडोनाचं तोंड होतं, तेव्हा कुणाला आदर्श आठवला नाही.

महाराजांच्या फोटोच्या ओळीत दुसरा कुणी नको असं कुणी म्हटलं असतं तर ते मान्य. महाराज वेगळेच राहूदेत. पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा 'नशेडी' होता.

हो, होता. कोकेन घेत होता. बार्सिलोनात असताना सुरू झालं हे त्यानंच सांगितलंय. १९८४ ला नापोलीला, म्हणजे इटलीतल्या नेपल्स गावच्या क्लबला, आला तेव्हा तो चोवीस वर्षांचाही नव्हता. ज्या नापोलीनं कधी इटलीची लीग जिंकली नव्हती, तिला त्यानं १९८७ ला आणि १९९० ला जिंकून दिली, मध्ये १९८९ ला युरोपातल्या क्लबांचा युएफा कपही. ही सगळी वर्षं कोकेन चालू होतं. आणि कुणाला माहीत नव्हतं असं समजू नका. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष फर्लाइनो यांनी पुढं २००३ मध्ये स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की रविवारच्या मॅचनंतर बुधवारपर्यंत दिएगो मोकळा असायचा, गुरुवारी मात्र त्यानं साफ असायला पाहिजे. आणि कुणी तपासणीत अडकेल असं वाटलं, तर दुसऱ्याची लघवी पुढं करायची सोय होती, हेही त्यांनीच सांगितलं.

गुरुवारी साफ. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पेठेतला लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या बाजूनं खेळणारा, आठवला.

नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेल. मी तेव्हा बर्फाची पिशवी आणि लिंबं घेऊन लाइनीजवळ बसणारं पोरगं होतो. हा माणूस बुटाची नाडी तळव्याखालून दोनदा गुंडाळून घोट्यावर बांधायचा, आणि कॉर्नर घ्यायच्या आधी बॉल हातात फिरवत त्याची हवा भरायची जागा शोधायचा, ती स्वतःकडं करून ठेवायचा. मग असा कॉर्नर यायचा की गोलकीपर दोन पावलं पुढं येऊन तिथंच अडकायचा. शाहू स्टेडियमची गॅलरी त्याच्या नावानं शिट्ट्या मारायची. आणि तो गांजा ओढायचा. रोज. आमचा संघ ज्या तालमीचा, तिच्या मागं. कारभाऱ्यांना माहीत, कोचला माहीत, मला सुद्धा माहीत. मोठी मॅच असली की दोन दिवस आधी त्याला तालमीत आणून ठेवायचे, दाराला बाहेरनं कडी, दूध, अंडी, मटण. मॅच झाली, जिंकली, मिरवणूक निघाली, की त्याच्या खिशात पुडी कोण घालायचं? तेच कारभारी. "घे भावा, आज मोकळा."

आमच्याकडं अध्यक्षांनी मुलाखत दिली नाही, एवढाच काय तो फरक.

आता मॅराडोनाचं पुढचं ऐका. ३ जुलै १९९०. वर्ल्ड कपची सेमीफायनल, इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि मॅच कुठं, तर नेपल्समध्येच. मॅराडोनाच्या संघानं पेनल्टीवर यजमान इटलीला घरी बसवलं. आख्खा देश त्याच्यावर उलटला. आणि १७ मार्च १९९१ ला, बारी क्लबविरुद्धच्या मॅचनंतर त्याच्या लघवीत कोकेन सापडलं. सात वर्षं तो त्या गावात होता, सात वर्षं सापडला नव्हता! योगायोग असेल म्हणता? असेल. मी मानत नाही. पंधरा महिन्यांची बंदी. ज्याच्या फोटोपुढं नेपल्सच्या गल्लीत दिवे लावत होते, तो गाव सोडून गेला तेव्हा निरोपाला गर्दी नव्हती.

आणि २०२० मध्ये तो गेल्यावर काय केलं? स्टेडियमला त्याचं नाव दिलं. व्वा.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी दहा वेळा सांगणार. खेळाडू जिंकून देतोय तोवर त्याची नशा सगळ्यांना माहीत असते आणि कुणालाच दिसत नाही. पाय चालायचा थांबला, की त्याच दिवशी सगळ्यांना नीतिमत्ता आठवते. रस असेपर्यंत चरकात, मग चिपाड.

कोकेन घेऊन कुणी चांगला खेळत नाही रे बाबांनो. हे स्टेरॉइड नाही. गांजा ओढून कुणाचा कॉर्नर वळत नाही. त्यानं स्पर्धकाला फसवलं म्हणता, ते कसं? त्यानं फसवलं असेल तर स्वतःला, घरच्यांना आणि आपल्याला. मेस्सीनं वर्ल्ड कप उचलला तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. मॅराडोना १९९१ ला तीस वर्षांचा होता. ही मधली पाच वर्षं कुणी खाल्ली? त्यानंच एकदा विचारलं होतं, की कोकेन नसतं तर मी कसला खेळाडू झालो असतो, ठाऊक आहे का? मला ते ऐकून राग येत नाही, पोटात कालवतं.

१९९४ चं काढाल, म्हणून आधीच लिहितो. अमेरिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये ग्रीसला गोल मारून कॅमेऱ्यात तोंड घालून ओरडला, पुढच्या नायजेरियाच्या मॅचनंतर पांढऱ्या कपड्यातली एक बाई त्याचा हात धरून तपासणीला घेऊन गेली, आणि एफेड्रीन सापडलं. ते उत्तेजक आहे. ती शिक्षा बरोबर होती. झालं समाधान?

सन १९८६ चं एक सांगतो. मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपमध्ये २२ जूनला अॅझ्टेका स्टेडियममध्ये मॅराडोनाचे इंग्लंडविरुद्धचे ते दोन गोल, ते सगळ्यांना पाठ आहेत. त्याच्या तीनच दिवस आधी, १९ जूनला, अमेरिकेत लेन बायस नावाचा बास्केटबॉलपटू कोकेननं मेला. बावीस वर्षांचा. बोस्टन सेल्टिक्स या संघानं त्याला निवडून दोन दिवस झाले होते, एक मॅच खेळला नाही. आणि तेव्हा इंग्लंडमध्ये क्रिकेटपटू इयन बोथम घरी बसला होता, कारण आपण गांजा ओढलाय हे त्यानं पेपरात कबूल केलं, म्हणून बोर्डानं दोन महिन्यांची बंदी घातली होती. ऑगस्टमध्ये ओव्हलवर परत आला आणि पहिल्याच बॉलवर न्यूझीलंडच्या एडगरची विकेट काढून ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या ३५५ विकेट्सच्या विक्रमाची बरोबरी केली. एकाच उन्हाळ्यात एक मेला, एक बंदी भोगत होता, एक देव झाला. तिघंही नशा करणारे. म्हणजे नशेला शिक्षा होती, की सापडण्याला?

(त्याच १९८६ मध्ये आपल्या पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. ब्राउन शुगरच्या विळख्यातल्या पोरांसाठी. व्यसन हा आजार आहे, हे आपल्याकडं माणसं तेव्हापासून सांगतायत. आपण अजून 'नशेडी'वर अंगठे देतोय.)

लेफ्ट आउटचा गुडघा एका मॅचमध्ये गेला. डावा नव्हे, उजवा, ज्यावर तो उभा राहून मारायचा. पट्टी बांधली, पंधरा दिवस लोक भेटायला आले. पुढच्या सीझनला त्याच कारभाऱ्यांनी मीटिंग घेऊन सांगितलं, की व्यसनी खेळाडूमुळं तालमीची बदनामी होते, त्याला कट्ट्यावर बसू देऊ नका. तालमीची बदनामी! ज्या तालमीच्या मागं बसून तो ओढायचा, ज्या तालमीच्या लोकांनी त्याला पुड्या दिल्या, तिची. आत्ता टाइप करताना सुद्धा हात थरथरतोय.

मोठ्या जगात हेच पैशात होतं. रुमानियाचा फुटबॉलपटू एड्रियन मुटू लंडनच्या चेल्सी क्लबात असताना २००४ ला कोकेनसाठी सापडला. क्लबनं हाकलला, ते ठीक, करार मोडला तर हाकलणार. पण पुढं कित्येक वर्षं भरपाईची केस चालवली आणि १ कोटी ७० लाख युरोंच्या वर रक्कम त्याच्या डोक्यावर बसली. घेताना जे खर्चले, त्यातले बरेचसे परत टाक. पंचवीस वर्षांच्या पोरात त्यांना तेवढंच दिसलं.

अमेरिकेची धावपटू शकारी रिचर्डसन, तिचं तर मला अजून पचत नाही. २०२१, टोकियोच्या आधीची अमेरिकेची निवड चाचणी, तिची जन्मदाती आई नुकतीच वारलेली, आणि ती बातमी तिला कुणी दिली तर मुलाखत घेणाऱ्या पत्रकारानं. गांजा ओढला. शर्यत जिंकली. एक महिन्याची बंदी आणि निकाल रद्द, ऑलिम्पिकची शंभर मीटर गेली. नियम तिला माहीत होता, हे तिनंही नाकारलं नाही. बरं. पण गांजा ओढून कुणी जोरात पळतं का हो? दोन वर्षांनी बुडापेस्टला ती जगज्जेती झाली, हे अंगठेवाल्यांनी वाचलं नसणार.

तरी एक महिना बरा म्हणायचा. २०२१ पासून खेळाडूंच्या डोपिंगचे जागतिक नियम बदललेत. कोकेन, हेरॉइन, एमडीएमए, गांजा यांना वेगळं काढलंय. मॅचच्या वेळेबाहेर घेतलं, कामगिरीशी संबंध नाही हे सिद्ध केलं, तर तीन महिने, आणि उपचार घेतले तर एकच महिना. दक्षिण आफ्रिकेचा बॉलर रबाडा, त्याचं बघा. २०२५ च्या आयपीएलमध्ये गुजरातचा संघ सोडून अचानक घरी गेला, महिन्याभरानं स्वतः सांगितलं की नशेच्या पदार्थासाठी सापडलो होतो. महिना भोगला, परत आला. जूनमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या नऊ विकेट्स काढल्या आणि दक्षिण आफ्रिकेनं कसोटीचं जगज्जेतेपद घेतलं. त्याला १९९१ सारखे पंधरा महिने घातले असते तर? तेव्हाही ग्रुपवर "एवढीशीच शिक्षा?" म्हणून कुणी तरी रडलं होतं. तोच. आजचा शहाणा.

मान्य, पोरं बघतात आणि शिकतात. माझंही पोरगं त्याच मैदानावर असतं, मला नका शिकवू. पण मग टीव्हीवर वेलचीच्या नावाखाली काय विकतात आपले हिरो, ते पोरं बघत नाहीत? त्यांचे फोटो बॅनरवर चालतात. मॅराडोनानं निदान कबूल तरी केलं. २००१ ला बोम्बोनेरा स्टेडियमवर निरोपाच्या मॅचला रडत म्हणाला, की मी चुकलो आणि त्याची किंमत मोजली, पण बॉलला डाग लागत नाही. वेलचीवाला कधी असं बोलेल?

जाऊदे, राग उतरला थोडा. दुपारी लेफ्ट आउटला भेटून आलो, एका मंगल कार्यालयावर रात्रपाळी करतो, दिवसा घरी असतो. गांजा सुटलाय, कसा सुटला ते तो सांगत नाही. बॅनरचं सांगितलं तर म्हणाला, "मॅराडोनाचं र्‍हाऊदे, त्या पोरांचं बूट बघ आधी, एकाला पण नीट बांधता येत न्हाई."

आता काम. स्पर्धेच्या आधी एका संध्याकाळी पोरांशी आणि मुख्य म्हणजे संघांच्या कारभाऱ्यांशी बोलायला व्यसनमुक्तीत काम करणारं कुणी पाहिजे. भाषण ठोकणारा नको. येणं-जाणं, जेवण मी बघतो. ओळखीत कुणी असेल तर इनबॉक्स करा. आणि भांडायचं असेल तर इथंच भांडा, ग्रुपवर मला दुपारपासून काढलंय.