खुलासा: ‘एकदा एका देशाकडून खेळला की दुसरा देश कायमचा बंद’ हे खरं नाही

आई एका देशाची, वडील दुसऱ्या देशाचे, अशा सेमी-प्रो (नोकरी सांभाळून थोडे पैसे घेऊन खेळणाऱ्या) फुटबॉल मिडफिल्डरबद्दल हा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझी. नंतर फिफाचे नियम वाचले. नुसत्या मैत्रीपूर्ण सामन्यांनी खेळाडू बांधला जात नाही. डेक्लन राइस २०१८ मध्ये आयर्लंडकडून असे तीन सामने खेळला, २०१९ मध्ये इंग्लंडकडून उतरला. मुनीर अल हद्दादी मात्र २०१४ मध्ये स्पेनकडून युरो पात्रतेच्या अधिकृत सामन्यात जेमतेम १३ मिनिटं खेळला आणि अडकला! २०२० मध्ये नियम सैल झाला, मग तो मोरोक्कोकडून खेळला. अटी आहेतच: पहिल्या देशाच्या मुख्य संघाकडून एकूण सामने तीनपेक्षा जास्त नकोत, तेही वयाची २१ वर्षं पूर्ण होण्याआधीचे, आणि त्यात विश्वचषक किंवा युरोसारख्या मुख्य स्पर्धेतला (पात्रता फेरीतला नव्हे) नको. राहिलं ‘सेमी-प्रो’चं, तर फिफाच्या लेखी खेळाडू एकतर हौशी, नाहीतर व्यावसायिक. जुना मेसेज कृपया पुढे ढकलू नका.