रेंज नको, रेकॉर्डिंगचं बोला

वायरलेस माइक बघायला दुकानात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, २५० मीटर रेंज आहे." अहो, ती मोकळ्या माळावर! मला बेळगावात विसर्जनाची मिरवणूक शूट करायचीय. खडे बाजारात मुंगी शिरायला जागा नसते, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. आणि हे माइक चालतात २.४ गिगाहर्ट्झवर, जिथे वाय-फाय आणि ब्लूटूथही चालतं. वर माणसाचं शरीर या लहरी अडवतं. छातीला माइक लावलेला कार्यकर्ता बोलता बोलता ढोलपथकाकडे वळला, त्याची पाठ कॅमेऱ्याकडे आली, की दहा पावलांवर आवाज तुटलाच. भर मिरवणुकीत कुणाला म्हणायचं, "दादा, परत एकदा बोला"?

म्हणून मी विचारतो, ट्रान्समीटरमध्येच, म्हणजे बोलणाऱ्याच्या अंगावरच्या डबीतच, रेकॉर्डिंग होतं का? ३२-बिट फ्लोट, म्हणजे अगदी मोठा आवाजही न फाटता नोंदवायची पद्धत, आहे का? असेल तर सिग्नल तुटला तरी त्या डबीत आवाज शाबूत राहतो, आणि ताशा एकदम कडाडला तरी वर गेलेली पातळी नंतर खाली आणता येते. (माइकच ओव्हरलोड झाला तर मात्र इलाज नाही.) यावर समोरचा गप्प. मग पुन्हा चार्जिंग केस, पुन्हा नॉइज कॅन्सलेशन! ते जोरात लावलं की ढोलाबरोबर माणसाचा आवाजही पत्र्यासारखा होतो, हे कुणी सांगत नाही. कॉलर माइकच्या पिनेला फिरकीचं लॉक आहे का, तेही नाही. गर्दीत एक कोपर लागलं की पिन बाहेर! एवढ्या महागाचं सामान विकता, मग एवढं तरी माहीत करून घ्या की हो.