खुलासा : विकतचा बटाटा लावला तर उगवतो का?

‘खाण्यासाठी विकत आणलेल्या बटाट्यावर औषध मारलेलं असतं, तो कधीच उगवत नाही’ असा संदेश फिरतो आहे. तो अर्धवट आहे. कोंब रोखायला क्लोरप्रोफाम हे रसायन किंवा किरणांचा मारा वापरतात हे खरं, पण प्रत्येक बटाट्यावर नाही. बरेचदा कारण साधं असतं: काढणीनंतर बटाटा साधारण दोन-तीन महिने सुप्तावस्थेत असतो. तेवढं थांबावंच लागतं.

जास्त डोळे असलेली बाजू वर करून बटाटे १५ ते २० अंश सेल्सिअसला, उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा. अंधारातले लांब, पांढरे कोंब लावताना हमखास मोडतात. उजेडातले आखूड, जाड राहतात. १ ते २ सेंटीमीटरचे झाले की लावा. अख्खा छोटा बटाटा सर्वांत बरा. कापायचाच असेल तर फोड ४०-५० ग्रॅमची, निदान दोन डोळ्यांची हवी, आणि काप दोन-तीन दिवस सुकू द्या. ओली फोड मातीत कुजते.

खरा धोका वेगळाच आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. खाण्याच्या बटाट्याची बेण्यासारखी रोगतपासणी झालेली नसते. पानं वळली किंवा त्यांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसले, तर विषाणूची शंका धरून रोप कंदासकट उपटा. या पिकातला बटाटा पुढच्या हंगामासाठी बेणं म्हणून ठेवू नका.