अ‍ॅस्टनची पोरं आणि आमचा शाळेचा ग्रुप

३० जुलै २०२५, बुधवार होता. मी अर्धी रजा टाकून इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवर जाऊन उभा राहिलो आणि तिथून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. कॅनॉलवरचा पूल, पुलावरचा बाक, आणि बाक नीट दिसणारही नाही एवढी फुलं. खाली लिहिलं, ऑझी गेला, शेवटचं बघायला आलोय. त्यावरून ग्रुपवर जे सुरू झालं ते चार दिवस चाललं, त्यातलं बरंच मला लागलं, आणि फोनवर टाईप करून नीट उत्तर देता येईना म्हणून हे लांबलचक लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑझी ऑस्बॉर्न हा ब्लॅक सॅबथ बँडचा गायक, २२ जुलैला वयाच्या ७६ व्या वर्षी गेला, आणि त्या बुधवारी ब्रॉड स्ट्रीटवरून त्याची अंत्ययात्रा होती. गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी, चौघंही याच शहरातल्या अ‍ॅस्टन भागातली कामगारांची पोरं. १९६८ मध्ये एकत्र आले, फेब्रुवारी १९७० मध्ये पहिला अल्बम आला, आणि हेवी मेटल, म्हणजे रॉकचा तो जड, दणदणीत प्रकार, तिथून सुरू झालं असं जवळपास सगळेच मानतात. ज्या पुलाचा मी फोटो टाकला त्याला २०१९ पासून ब्लॅक सॅबथ ब्रिजच म्हणतात आणि त्या बाकावर या चौघांचे चेहरे आहेत.

तर ग्रुपवर पहिला मेसेज आला, अरे स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावणारा माणूस, दारू आणि ड्रग्जमध्ये आयुष्य घालवलेला, त्याच्यासाठी शहराचा मेन रस्ता बंद? तिकडे जाऊन तुमची डोकी फिरलीत. दुसऱ्याने लगेच उलटं लावलं, निदान तिकडचे लोक शिस्तीत निरोप तरी देतात, आपल्याकडे लतादीदींनाही शांतपणे जाऊ दिलं नाही. मग आमच्या वर्गातली एक मैत्रीण, जी ग्रुपवर फारशी बोलत नाही, तिने एकच ओळ लिहिली. १९८९ मध्ये बायकोचा गळा दाबला म्हणून त्याला अटक झाली होती ना?

पहिल्याला उत्तर देणं सोपं आहे. वटवाघूळ खरं आहे, जानेवारी १९८२, अमेरिकेत डे मॉइन शहरातला शो, प्रेक्षकातून कोणीतरी फेकलं आणि ह्याला वाटलं रबराचं खेळणं आहे, असं तोच सांगायचा. व्यसनंही खरी, त्यानेच आयुष्यभर उघडपणे सांगितलेली. पण रस्त्यावर माझ्या आजूबाजूला जे उभे होते ते वटवाघळासाठी आले नव्हते. माझ्या शेजारी साठी उलटलेला एक माणूस होता, बँडचा विटलेला टी-शर्ट घातलेला, तो म्हणाला माझा बाप आणि ऑझीची आई एकाच प्रकारच्या फॅक्टरीत होते, बस एवढंच म्हणाला आणि पुढे बोलता येईना त्याला.

हे मला कळलं कारण मी पिंपरीचा आहे. आमच्या चाळीत प्रत्येक घरातून एक माणूस कुठल्या ना कुठल्या कंपनीत शिफ्टला जायचा. ऑझीचे वडील टूलमेकर, नाईट शिफ्ट करायचे, आई मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत, तो स्वतः पंधराव्या वर्षी शाळा सोडून पडेल ती कामं, कधी कत्तलखान्यात, कधी गाड्यांचे हॉर्न ट्यून करायच्या कामाला, मधे घरफोडी केली म्हणून सहा आठवडे इथल्याच विन्सन ग्रीन जेलमध्ये, कारण दंड भरायला पैसे नव्हते आणि बापाने भरले नाहीत. आणि टोनी आयोमी, सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच गेली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या, पुढे तारा सैल करून सूर खाली आणला, आणि तो जो जड, खोल आवाज झाला तो असा आलेला आहे. आमच्याकडे पॉवर प्रेसवर बोट गेलेले काका प्रत्येक दोन-तीन बिल्डिंगमागे एक होते. त्यामुळे हे संगीत परकं, विकृत, आपल्या संस्कृतीत न बसणारं वगैरे जेव्हा ग्रुपवर कोणी लिहितं तेव्हा मला खरंच राग येतो. पिंपरीच्या पोराला हे कळणार नाही तर कोणाला कळणार?

दुसऱ्या मित्राचं म्हणणं ऐकून मात्र मला जास्त वाईट वाटलं, कारण त्याला वाटतं मी ते ऐकून खूष होईन. इकडे सगळं छान, तिकडे सगळा तमाशा. असं नाहीये रे. ही तीच महापालिका आहे जिने सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्याकडे पैसे नाहीत असं जाहीर केलं, आणि अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा कचरा कामगारांचा संप चालूच होता, मार्चपासून. अंत्ययात्रेचा खर्च कुटुंबाने केला, महापालिकेने फक्त रस्ता मोकळा करून दिला. स्टेशनजवळचं क्राऊन नावाचं पब, जिथे ही पोरं सुरुवातीला वाजवायची, ते तेव्हा कित्येक वर्षं बंद पडलेलं होतं. आणि शिस्त म्हणशील तर लोक बिअरचे कॅन हातात घेऊन रडत होते, ऑझी ऑझी ऑझी असं ओरडत होते, त्याला बाकीचे ओय ओय ओय करून उत्तर देत होते. गाडीच्या पुढे एक ब्रास बँड सॅबथची गाणी वाजवत चालत होता. मला तर गावाकडे पुढे चालणारं भजनी मंडळच आठवलं, टाळाऐवजी ट्रम्पेट एवढाच फरक.

लतादीदींच्या वेळचं मात्र त्याचं खरं आहे. ६ फेब्रुवारी २०२२ ला त्या गेल्या, शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, आणि दोन दिवसही झाले नसतील तोवर स्मारक शिवाजी पार्कातच हवं की नको यावर पक्ष भांडायला लागले, शेवटी हृदयनाथजींना सांगावं लागलं की यावरून राजकारण करू नका, आम्हाला तिथे स्मारक नकोय. शाहरुखने दुवा मागून फुंकर घातली तर तो थुंकला म्हणून व्हिडिओ फिरवले. मी तेव्हा इथे बसून ते अंत्यदर्शन बघत होतो आणि मोबाईल बंद करून टाकला होता. पण त्याच दिवशी घराघरात दिवसभर गाणी लागलेली होती, माझ्या आईने त्या दिवशी टीव्ही लावलाच नाही, रेडिओ लावून बसली. तेही आपलंच आहे. ते बातम्यांत येत नाही म्हणून परदेशातल्या माणसाने ते विसरून जावं हे मला पटत नाही.

ऑझीच्या जाण्यात मला जी गोष्ट खरोखर आपल्याकडे हवीशी वाटली ती अंत्ययात्रेतली नाहीच. ती अंत्ययात्रेच्या पंचवीस दिवस आधीची आहे. ५ जुलैला, शनिवारी, अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क फुटबॉल मैदानावर त्याचा शेवटचा शो झाला. पार्किन्सन, मणक्याची ऑपरेशन्स, चालता येत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. त्याच्या आधी दिवसभर मेटॅलिका, गन्स अँड रोझेस, स्लेअर, टूल, पँटेरा असे सगळे त्याची आणि सॅबथची गाणी वाजवून गेले. चाळीस हजारांवर लोक. मग मूळ चौघं वीस वर्षांनी पहिल्यांदा एकत्र स्टेजवर. नफा बर्मिंगहॅमचं मुलांचं हॉस्पिटल, बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या मुलांची काळजी घेणारं हॉस्पिस आणि पार्किन्सनवर काम करणारी संस्था यांना द्यायचा असं ठरवलेलं. त्याच्या आदल्या शनिवारी शहराने चौघांना फ्रीडम ऑफ द सिटी हा मान दिला होता, तोही स्वतः येऊन घेतला. म्हणजे त्याच्याबद्दल जे काही बोलायचं होतं, वाजवायचं होतं, ते त्याच्या कानावर पडलं. त्यानंतर सतराव्या दिवशी तो गेला.

आपल्याकडे एकसष्टी आहे, पंच्याहत्तरी आहे, सहस्रचंद्रदर्शन आहे, म्हणजे माणूस जिवंत असताना मान द्यायची पद्धत आपल्याला कोणी शिकवायला नको, उलट इथल्यांपेक्षा आपल्याकडे ती जुनी आहे. पण मी पाहिलेल्या सत्कारांत त्या कलाकाराला खुर्चीवर बसवतात, शाल-श्रीफळ देतात, आणि मग दोन तास पाहुणे बोलतात, तो ऐकतो. त्याला शेवटी पाच मिनिटं. त्याची गाणी कोणी वाजवत नाही, त्याच्याबरोबर तीस-तीस वर्षं वाजवलेले ढोलकीवाले, पेटीवाले, ऑर्केस्ट्रातला गिटारवाला, ते तिसऱ्या रांगेत कुठेतरी. मला हे बदललेलं हवंय, एवढंच. स्मारक कुठे करायचं, किती एकरांत करायचं, यावर आपण किती शक्ती घालवतो, आणि साथीदार कोण होते हे विचारलं तर त्यांची दोन नावं सांगता येत नाहीत.

साथीदारांचं दुःख कसं असतं ते मला इथे दिसलं. गीझर बटलरने लिहिलं की अ‍ॅस्टनची चार पोरं, कोणाला वाटलं असतं, आणि शेवटचं एकदा अ‍ॅस्टनमध्येच वाजवता आलं याचा आनंद आहे. टोनी आयोमीने लिहिलं की गीझर, बिल आणि मी, आम्ही आमचा भाऊ गमावलाय. आणि बिल वॉर्डने लिहिलं त्यात एकमेकांच्या हुकलेल्या फोन कॉल्सचा उल्लेख होता, तो वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. कारण बिलचं आणि बाकीच्यांचं पटत नव्हतं, २०१२ मध्ये करारावरून बिनसलं, २०१७ मध्ये बँडचा शेवटचा म्हणून जो शो याच शहरात झाला त्यात बिल नव्हता, मधे जाहीरपणे एकमेकांना लागेल असं बोलून झालं होतं. ५ जुलैचा शो झाला नसता तर ती भांडणं तशीच राहिली असती आणि श्रद्धांजली कोणाच्या तरी पीआरवाल्याने लिहिली असती. माझ्या ओळखीत एक ऑर्केस्ट्रा आहे, पिंपरी-चिंचवडचाच, त्यातले दोघं पैशांवरून पंधरा वर्षं बोलत नाहीत, दोघांची सत्तरी आलीये. नाव नको लिहायला.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाचं. त्या प्रश्नाला मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण ते खरं आहे. सप्टेंबर १९८९ मध्ये नशेत त्याने शॅरनवर, बायकोवर, हल्ला केला, खुनाच्या प्रयत्नाचा आरोप लागला, तिने पुढे तक्रार मागे घेतली, तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला. शॅरन त्याच्याबरोबरच राहिली. त्या बुधवारी पुलावर गाडी थांबली, ती मुलांबरोबर उतरली, फुलांपाशी उभी राहून रडत होती. आता तिने माफ केलं म्हणून आपणही विसरायचं असं मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे किती बायकांना माफ करण्याशिवाय दुसरा रस्ताच नसतो हे मैत्रिणीला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, ती कोर्टात तेच काम करते. मी तिला एवढंच लिहिलं की मी तिथे उभा होतो ते त्याला निर्दोष ठरवायला नाही. त्याच्या आवाजाने माझी कॉलेजची दोन वाईट वर्षं निभावली, त्याचं ऋण होतं. तिने लिहिलं, ऋण मान्य, पण पुढच्या वेळी फोटोखाली ते पण लिही. मला ते पटलं आणि म्हणून इथे लिहिलंय.

इथे न्यू स्ट्रीट स्टेशनात एक भलामोठा यांत्रिक बैल आहे, २०२२ च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी बनवलेला, लोकांनी मतं देऊन त्याचं नाव ऑझी ठेवलंय. मी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपोआप हात जोडले गेले, नंदीसमोर जुळतात तसे. दोन्ही ठिकाणची सवय एकाच अंगात राहते, एक काढून दुसरी ठेवता येत नाही, आणि म्हणूनच ग्रुपवर 'तुम्ही तिकडचे' म्हटलं की त्रास होतो.

रविवारी पप्पांना फोन केला तेव्हा हे सगळं सांगत बसलो. पप्पांची एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये गेली. ऑझीबद्दल त्यांनी फार काही विचारलं नाही. बोटं गेलेला तो कोण म्हणालास, एवढंच. टोनीचं सांगितलं, बाटलीच्या टोप्यांचं सांगितलं. म्हणाले, कुठली बोटं? मी सांगितली. मग म्हणाले, आणि तो अजून वाजवतो? म्हटलं हो पप्पा, सत्याहत्तर वर्षांचा आहे, आत्ताच ५ जुलैला वाजवलं.

म्हणाले पाठव ना मग त्याचं काहीतरी, ऐकतो.

पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला, आवाज फार मोठा आहे रे, तुझी आई ओरडतीये, अजून आहे का त्याचं दुसरं.