कंपाउंडवरची साडी

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर वाळत घातलेली साडी आणि दोन झबली. खाली लिहिलेलं, 'हे कोणी थांबवणार आहे का?' अर्ध्या तासात चौदा अंगठे. तेव्हापासून डोकं ठणकतंय माझं.

ती साडी जिची आहे, ती मला गेल्या बुधवारी गेटपाशी भेटली होती. शेजारच्या साइटवर विटा वाहते. आदल्या रात्री पाऊस झोडपून गेलेला. म्हणाली, "दीदी, दीवार से पानी आ रहा है." मला पलीकडे नेलं आणि भिंतीवर तळहात टेकवून दाखवला. हात ओला, बोटांना लाल माती. भिंतीला खेटून तिची पत्र्याची खोली, आत पोर झोपलेलं. आणि त्याच भिंतीला लागून अलीकडे आपल्या गाड्या! मी त्याच दिवशी कमिटीला सांगितलं. उत्तर आलं, पावसाळा संपू दे, मग बघू.

अहो, भिंती पावसाळ्यातच पडतात! २९ जून २०१९, पुण्यातलं कोंढवा. सोसायटीची भिंत रात्रीच्या झोपेत शेजारच्या मजुरांच्या खोल्यांवर आली, वर उभ्या असलेल्या गाड्यांसकट. १५ जीव गेले, त्यात लेकरं होती. आठवडासुद्धा उलटला नाही आणि आंबेगावात दुसरी भिंत पडली, पुन्हा मजुरांच्या झोपड्यांवर. आणखी ६. तेव्हा याच ग्रुपवर आपण हात जोडलेली चित्रं टाकली होती.

धुळीची तक्रार केली तेव्हा मात्र काम कसं झटपट झालं. हिरवी जाळी चढली, पत्रे उंच झाले, पाण्याचा फवारा सुरू झाला. चांगलंच झालं, माझ्या आईला दमा आहे, मीही सही केली होती. पण रस्त्यावरून दिसतं तेवढंच तपासायचं का? खड्ड्याच्या कडेला मातीला आधार दिलाय का, मजूर झोपतात कुठे, हे बघायला आलेलं माणूस मी तरी पाहिलं नाही. माणसं कमी आहेत म्हणतात. असतील.

आणि कपड्यांचं म्हणाल तर बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, त्यात साफ लिहिलं होतं की साइटवर राहायला फुकट जागा द्यायची, चूल, न्हाणी, धुणं, संडास यांची वेगळी सोय करायची. पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघरसुद्धा. ती सोय असती तर तिनं आपल्या भिंतीवर साडी टाकली असती का?

फोटो टाकणाऱ्या काकूंवर माझा राग नाही. खरंच नाही. कोरोनात त्यांनीच याच साइटवर डबे पोचवले होते. तो ओला हात त्यांनी पाहिला असता तर त्यांनी माझ्याआधी फोन केला असता.

मी अर्ज लिहिलाय. भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासा, तोवर खोल्या तिथून हलवा, एवढंच. हलवताना बिल्डरनं त्यांना दुसरी पक्की जागा द्यायची, हेही लिहिलंय, नाहीतर उद्या ते पोर रस्त्यावर यायचं. भिंत आपली आहे, तेव्हा इंजिनिअरच्या फीचा आपला वाटा आपण द्यायचा. साडेदहाला क्षेत्रीय कार्यालयात जातेय. चौदा अंगठेवाल्यांपैकी कोण येतंय सोबत?