हळद मागा, शरदराव घ्या

"जरा साफ बोला ना भाऊ, मशीनले समजलं पायजे!" समुद्रपूर तालुक्यातल्या एका फोटोस्टुडिओवाल्यानं मला हे चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं. मला फक्त मावसबहिणीच्या हळदीचे फोटो हवे होते.

त्याच्याकडे फोटो आवाजानं शोधतात. फोटो साठवताना तो माइकमध्ये "हयद", "वरात", "शरद" असं बोलून ठेवतो. यंत्र शब्द लिहीत नाही, ध्वनींची साखळी ठेवतं. कल्पना उत्तम! खेड्यातली नावं कुठल्या शब्दकोशात असतात? गिऱ्हाइकाच्या बोलण्याचीही साखळी करायची, दोन्ही शेजारी लावायच्या आणि बदललेल्या, गळलेल्या, घुसलेल्या प्रत्येक ध्वनीला दंड ठोकायचा. कमीत कमी दंडाचा फोटो सगळ्यात वर.

घोळ दंडाच्या तक्त्यात आहे. तो कुणाच्या तरी रेकॉर्डिंगवरून शिकवतात, आणि त्या कुणाच्या सात पिढ्यांत वऱ्हाडी बोलणारं कुणी नसावं. इकडे 'ळ'चा सर्रास 'य' होतो. तक्त्याला तो खुनाचा गुन्हा वाटतो. समजा, ळ-यला दंड १, ळ-रला ०.३ आणि ह-शला ०.४. मी म्हटलं "हळद". 'हयद'ला दंड १, 'शरद'ला ०.७. पडद्यावर शरदमामा! फेट्यातले, जिलबी खाणारे, एका फोटोत झोपलेलेही. वायगावी हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच तालुक्यातल्या. इथं मला हळद सापडेना.

बाकावर एक बाबा कधीचे बसले होते. धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

"काऊन बे पोरा, माहा नंबर कवा? हयातीच्या दाखल्याले फोटो लागते म्हनते."

माइक चालूच होता. पडदा पिवळा झाला. मावसबहीण, पाटा, तांब्या, हळद फासणाऱ्या सगळ्या मावश्या!

'हयात' आणि 'हयद'. अ-आ जवळचेच स्वर, त-द फक्त घोषाचा, म्हणजे गळ्यातल्या कंपनाचा फरक, दंड किरकोळ. वाक्यात कुठंही तुकडा जुळला तरी चालतो, त्यामुळे बाबांचं उरलेलं भाषण आड आलं नाही.

"ह्या कोन बाया हाय बे?" बाबा चष्मा सावरत म्हणाले. "माह्या हयातीले ह्या कायले पायजे?"

"पाहा, बाबा कसे साफ बोलते," स्टुडिओवाला मला म्हणाला.

उपाय सोपे आहेत. 'हळद'मध्ये ध्वनी पाचच. एक चुकला की पाचवा हिस्सा गेला. म्हणून नोंद आणि मागणी दोन्ही लांब बोलावी: "अमक्याच्या घरची हळद, मांडवात". एकच नोंद 'हळद' आणि 'हयद' अशी दोनदा बोलावी. आणि ळ-यचा दंड उतरवावा, पण तक्ता म्हणे आतून बंद असतो. हे दुखणं जुनंच. १९१८ साली रॉबर्ट रसेलनं अमेरिकेत साउंडेक्सचं, म्हणजे नावं उच्चारावरून शोधायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, त्यातही पहिलं इंग्रजी अक्षर तसंच ठेवतात आणि पुढच्या व्यंजनांचे आकडे करतात. त्यामुळे एकाच घरातले वानखेडे, कुणी डब्ल्यूनं तर कुणी व्हीनं आडनाव लिहिलं की, डब्ल्यू ५२३ आणि व्ही ५२३ असे वेगळे निघतात, आणि ठाकरे व टागोर मात्र दोघेही टी २६०. शंभर वर्षांनीही भोगायचं आपणच.

शोधाचे वीस रुपये स्टुडिओवाल्यानं माझ्याकडून घेतले. बाबांकडून नाही, त्यांनी काही शोधलंच नव्हतं.